दाण्याची वळख

हॅलो? …कोन? …दिपाली? …थांब जरा, इथं गलका हाय, आयकू येईना. बायांनो, जरा दम धरा गं, नगरवरनं सुनेचा फोन हाय… हां, बोल आता.

…का गं, समदं बरं हाय ना? भागवत? …बरा हाय. ओम? …शाळंत गेलाय. मंग बारकी? …उठली झोपून. बरं, बरं. न्हाई, तू फोन केला म्हनून इचारलं. तुझा फोन म्हंजी दिवाळीला आल्ता. एरवी भागवतच करतो, रविवारचा. 'जेवली का' म्हनतो, मी 'जेवले' म्हनते, झालं आमचं बोलनं.

…न्हाई, टोमना कशाला मारू. सहज म्हनले.

काय? …काय द्यायची ज्ञानूला? …पेस्ट? आगं सात म्हैन्याची पोर ती, दात तरी आल्यात का तिला? आतापास्न पेस्ट कशाला? आमी तुझ्या नवऱ्याचे दात राखुंडीनं घासले, काय झालं त्याला? …आं? …कशाची पेस्ट? …शेंगदान्याची?

…

थांब. खाली बसते.

…हां, बसले. आता नीट सांग. कोन म्हनलं दाने द्यायचे? …डॉक्टर. कोनते? ओमच्या येळंला 'तीन वर्सं दाना दाखवू नका' म्हनले हुते, त्येच? …दुसऱ्या. बाई हायेत. बरं. …व्हय, ऐकते… ऐकते गं, बोल तू.

म्हंजी तवा द्यायचे न्हाई, आन आता लवकर द्यायचे. डॉक्टर बदलला का पुस्तक बदललं? …दोनी. बरं. …हां… हां… लवकर दिलं की अंगाला वळख पडती. आन उशीर झाला की अंग त्याला चोर समजतंय. …मला समजलं की. न समजाया काय झालं? कुत्रं बी रोजच्या येनाऱ्या मानसावर भुकत न्हाई. लई दिवसांनी कुनी आलं की मंग धावून जातंय, मंग ते घरचं का असंना.

…न्हाई, काय न्हाई. दान्याचंच बोलते.

मंग ओमला बी आता… न्हाई. त्याचं न्हाई. हां, त्याला झालं ते झालं, त्याला लांबच ठेवायचं. हिच्यासाठी म्हनत्यात. …तिच्या बी अंगावर चट्टे उठत्यात ना, कोपराच्या घडीत? भागवत बोलला हुता. …म्हनून आधी कातडीवर टोचून बगितलं. …चांगलं आलं. मंग आता अडलं कुठं?

…वाटी म्होरं हाय. चमचा हातात हाय. …हां. …रोज वाटी करती आन रोज मोरीत वतती. आसं किती दिस चाललंय? …जाऊ दे, नको सांगू.

भागवत घरी असताना का न्हाई दिलं? …'मला बगवत न्हाई' म्हनला. बापावर गेलाय. तुझे सासरे तसलेच हुते. पोराला सुई टोचायची म्हनलं की हे दवाखान्याच्या भाईर जाऊन उभे, आन वर मलाच इचारायचे, लई रडला का म्हनून. …आन तुझी आई? …त्या म्हनल्या, देऊच नको. हां. आईचं काळीज हाय, त्यांचं बी चुकत न्हाई.

मंग मला कशाला फोन केला? मी काय डॉक्टर हाय?

…

व्हय. ओमचं मी पाह्यलं हुतं. …मीच पाह्यलं पयल्यांदा. तू न्हानीत हुती. वसरीत शेंगांचा ढीग, बाया फोडीत बसलेल्या, आन हे पोरगं ढिगात लोळतंय. कधी तोंडात टाकला, कुनालाच कळलं न्हाई. आधी नाक चोळाया लागलं. मला वाटलं धूळ गेली. मंग बगते तर वरचा वठ… जाऊ दे. इंजेक्शन येळेवर मिळालं, पोरगं वाचलं. आता ते नको काढू.

कळलं मला. ते कसं सुरू हुतं ते डोळ्यांनी पाह्यलेलं मानूस पायजे तुला. हाय मी. फोन ठेवत न्हाई. चल.

…कोन बाया? …हां, त्या. …गेल्या. …न्हाई, म्हंजी… कोन नव्हतंच गं. टीव्ही हुता. मालिका चालू हुती, बंद केली आता. …आसंच म्हनले. दुपारच्या पारी माझ्याकडं कोन येतंय? घरात एकटीच बसलीय म्हनून सांगाया बरं वाटत न्हाई, म्हनून म्हनले.

तू चमचा उलटा कर. …आगं वाटीवर धरून उलटा कर, फरशीवर नको. पडलं का? …गोळा पडला. मंग न्हाई चालायचं, टाळूला चिकटंल तिच्या. कोमट पानी घाल. …अजून. …अजून थोडं. ताकावानी व्हाया पायजे. …आता बोटात घेऊन चोळ. कनी लागती? …लागती ना. मिक्सरचं आसंच असतंय, वरनं मऊ दिसतंय आन आत रेती. गाळून घे. …चहाची गाळनी चालंल, धुवून घे नीट, न्हाईतर पोरीला पयल्याच दिशी चहाची चटक लागायची.

…हसली. बरं वाटलं.

आन अख्खा दाना, अर्धा दाना, कूट, कायबी तिच्या हाताला लागू द्यायचं न्हाई हां. घशात अडकतंय. …बाईनी सांगिटलंय. बरं. चमचा ओमचा न्हाई ना? …येगळा. त्याच्या येन्याच्या आत वटा पुसून घ्यायचा, हात साबनानं धुवायचे. …शानी हाईस. तुला काय सांगायचं.

दवाखाना जवळ हाय ना? नंबर काढून ठेवला? …आन गाडी? …खालच्या घरातली पोरगी स्कूटी घेऊन घरीच हाय. मंग झालं की. समदी तयारी केलीस, आन घाबरती कशाला? …मी बी घाबरलेय. न घाबराया मी काय दगड हाय? पन दे.

टोकावर घे, चमच्याच्या टोकावर. कशात कालवलंय? …नाचनीच्या सत्त्वात. ते खाती ना रोज? मंग बरं.

…

दिलं?

…दिपाली? …दिलं का गं?

…दिलं.

बरं. …आता बाकीचं लगीच नको. थोडं थांबायचं म्हनल्यात ना, थांब. बोलत राहा माझ्याशी. काय करती ती? …तोंड वाकडं केलं. करंलच. तुझ्या नवऱ्यानं पयल्यांदा वरन खाल्लं तवा माझ्या लुगड्यावर थुकला हुता. …पाय हालवती? हालवू दे. पाय हालवनारं पोर बरं असतंय.

…मी काय करते? काय न्हाई. सकाळी म्हस पाजली. कडूबाई आली हुती भिंतीपलीकडनं, विळा मागाया. तिची पोरं पुन्याला, माझी नगरला. ती म्हनती, 'बनुबाई, तुमचं तरी जवळ हाय.' मी व्हय म्हनते. एसटीत बसलं की डुलकी लागायच्या आत नगर येतंय, काय लांब न्हाई.

…न्हाई आले. …आगं येळ कुठं असतो मला. म्हस हाय, घर हाय.

…

बरं, खरं सांगू? मागल्या वर्सी आले तवा तू दारातच लुगडं बदलाया लावलं. 'आई, आत येऊ नका, शेतातली धूळ आसंल अंगावर.' जिन्यावरनं मानसं जात हुती. …ओमसाठी केलं, म्हाईत हाय मला. …मी तुझ्या जागी असते तर मी बी तेच केलं असतं. …राग? न्हाई आला. …आला हुता. खोटं कशाला बोलू. राग न्हाई म्हनता यायचा, लाज वाटली. माझ्या नातवाला माझ्या लुगड्याचं भ्या वाटावं, याची लाज वाटली. बदललं की पन मी गुमान. बदललं का न्हाई?

…रडू नको. पोरीकडं बग तू. तोंडाकडं बग तिच्या.

…आन उष्टावनीचं बी सांगू का? आता निघालंच हाय तर. कडूबाईच्या नातीच्या मोबाईलवर पाह्यली मी ज्ञानूची उष्टावन. मामाच्या मांडीवर, जरीचं परकर-पोलकं, चांदीची वाटी. गोड दिसत हुती. …घाईत झालं, हां. …मामाची सुट्टी तेवढीच हुती. हां, मामानंच भरवायचं असतंय, आजीचं काय काम हाय त्यात? म्या काय म्हनलं का? फकस्त कडूबाईनं इचारलं, 'तुमी न्हाई गेल्या?' आन मला म्हनावं लागलं, गुडघा दुखत हुता म्हनून.

काय झालं?

…दिपाली, काय झालं? …लाल? …कुठं? …गालावर. वठाच्या बाजूला. …बरं. थांब. वरडू नको, पोर घाबरंल. मी इचारते तेवढंच सांग. वठ कसाय? वरचा वठ. सुजलाय? …नीट बग. …न्हाई. डोळे? …न्हाई. श्वास कसा चाललाय? छातीला कान लाव. …नेहमीवानी. उलटी? खोकती का? नाक चोळती? …न्हाई. ओकती न्हाई, खोकत न्हाई, चोळत न्हाई. …हसती? तुझ्याकडं बगून?

तू डॉक्टरबाईला फोन लाव. मी ठेवते. …आगं मी ठेवल्याबिगर कसा लागंल? …ठेवू नको काय म्हनती, येडी हाईस का? …बरं, न्हाई ठेवत. मंग खालच्या पोरीला हाक मार, तिच्या फोनवरनं लावंल ती. …उठ. …उठलीस? …

थांब. थांब, दिपाली. तो डाग कसाय? उठून आल्यावानी हाय, का सपाट? हात फिरव. …सपाट. गोल हाय? …लांबट. बोट लावल्यावानी लांबट?

तू कपाळाला काय लावलंय?

…तेच इचारते, आज कपाळाला काय लावलंय तू? टिकली, का कुंकू? …टिकली. हां. …आन देवाला? …देवाला कुंकू वाहिलं. कवा? …आत्ता, भरवायच्या आधी. कोनत्या बोटानं? …मंग त्याच बोटानं तिचा गाल धरला आसशील. पुस. वल्या फडक्यानं पुस.

…

आलं? फडक्याला आलं का? …लाल आलं. …गाल? …गाल गोरा.

…

कुंकू हाय ते, बाई. कुंकू हाय. …हां, रड आता. आता रडलीस तरी चालंल. मी बी बगते जरा डोळे पुसून. …देवाला हात जोडले आन हात धुवायचे राह्यले, आसली तुझी भक्ती. …हस. हस गं. माझा जीव इथं पार टांगनीला लागला हुता, आन निघालं कुंकू. …आता आधी हात धू, आन मंग बाकीचं दे. थोडं थोडं.

…खाती? …जिभंनं चमचा चाटती? फोन जवळ धर तिच्या. …मच मच करती बग. ऐकू येतंय मला. आगं ऐकू येतंय. …ज्ञानू? ए ज्ञानू… मी आजी हाय, सोनईची… ए बाई…

…गप झाली. …थांबली का? आवाज कुनाचा म्हनून बगती आसंल. वळखीचा न्हाई ना. कुठनं आसनार. …रडाया न्हाई लागली, एवढं खूप झालं. दान्याचं बरं हाय बाई, त्याला कुनीतरी सांगिटलं, लवकर दाखवा म्हनून.

…न्हाई. तुला न्हाई म्हनत. …तुलाच म्हनते. आवडत न्हाई मला आसं एकटीनं बसलेलं, दिपाली. सांज व्हायच्या आत दार लावून घेते मी, कोन येनार न्हाई ते ठरल्यालंच असतंय म्हनून. सांगून टाकलं. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.

…

हां. …हां, बोल. …अजून लक्ष ठेव तिच्यावर, लगीच कामाला लागू नको. आन एकदा देऊन भागत न्हाई म्हनल्यात ना? …आठवड्यातनं दोन-तीनदा. सोडायचं न्हाई. हां, वळख ठेवावी लागती, एकदा भेटून काय हुतंय. …मी वाटून? …पाट्यावर वाटून एसटीनं डबा पाठवू? …आगं पाठवला असता. पाट्यावरचं लोन्यावानी हुतं, तेल सुटोस्तवर वाटलं की. पन…

पाटा न्हाई माझ्याकडं.

…कडूबाईला देऊन टाकला. …आसाच. …आगं दगडात तेल मुरतंय, दिपाली. कितीबी घासला तरी वास जाईना त्याचा. घरात कसा ठेवायचा? …दाने बी न्हाईत. …विकले न्हाई, पेरलेच न्हाईत. ओमचं झालं त्याच्या पुढल्या हंगामापास्न भुईमूग बंद. कांदा करते. …घरात दाना न्हाई. कूट न्हाई, चटनी न्हाई, लाडू न्हाई. वसरी शेनानं सारवून घेतली, डबे उकळत्या पान्यानं धुतले, फडताळ कोरं केलं. …एकादशीला? भगर खाते ताकासंगं. आमटी करत न्हाई दान्याची. …जातीय की घशाखाली. न जायला काय झालं?

…कुनाला सांगू? भागवत म्हनला हुता, 'आई, तुझ्या घरात पायापायाला दाने, पोराला कसं आनू?' मंग मी काढून टाकले. आन वाट पाह्यली. …त्यानं परत इचारलं न्हाई, आन मी सांगिटलं न्हाई. या म्हनून कसं म्हनायचं? मानूस आपल्या मनानं आलं तर यावं. …चुकलंच ते माझं बी. ताठा हाय माझ्या अंगात, तुझे सासरे म्हनायचे.

…

दिपाली? …हाईस का? …ज्ञानू बरी हाय ना? …बरी हाय. मंग तुला काय झालं?

…काय? …रविवारी? …रविवारी काय? जरा मोठ्यानं बोल, तुटतंय… 'आई, रविवारी…' हां, पुढं? रविवारी काय म्हनलीस? …हॅलो?

हॅलो? …दिपाली? …हॅलो…

गेला. …लाव बाई परत. लाव. …

…

कडूबाई… अवं कडूबाई, हाईत का घरात? जरा भिंतीजवळ या. …न्हाई, समदं बरं हाय. नगरचा फोन हुता. सुनेचा. …पोरीनं दाना खाल्ला, पचवला, आन कायबी झालं न्हाई. …व्हय, बारकीनं. …न्हाई, पुढचं काय म्हनली ते कळलं न्हाई. 'आई, रविवारी' इतकंच म्हनली आन कटला. …आता लागंना. …व्हय, रविवारी भागवत फोनच करतो म्हना. तेच सांगत आसंल. …तेच आसंल, हां.

पन कडूबाई, माझा पाटा तुमच्याकडं हाय ना, त्यो जरा घासून ठेवा. आन रविवारी तुमची वसरी मोकळी ठेवा थोडी. बारकीला तुमच्याकडं बसवून भरवीन, हात धुवीन, लुगडं बदलीन, आन मंगच घरात येईन. ओम माझ्या घरात बसंल. माझ्या घरात दाना न्हाई.

…म्हाईत हाय मला, यायचं म्हनली न्हाई ती. …न्हाई आली तरी ठेवा मोकळी.